बसऱ्याचे बूट, मानसिंगचा पाय

येरळेकाठच्या त्या गावात एके काळी घड्याळ फक्त पोलीस पाटलाकडे होतं आणि तेही बंद. पण गावाचं कधी अडलं नाही. तांबडं फुटायच्या सुमाराला हंबीरराव हवालदाराच्या घराची कडी वाजायची आणि बोळातल्या दगडी फरशीवर नाल ठोकलेल्या बुटांचा आवाज सुरू व्हायचा. त्या आवाजावर बाया चुलीला पोतेरं घालत, गडी बैलांपुढं वैरण टाकत आणि अंथरुणात लोळणाऱ्या सुनांना सासवा हाका मारत. गावातली जुनी माणसं अजूनही त्या आवाजाची आठवण काढतात. बूट हवालदाराचे होते, पण त्यात पाय असायचा त्याच्या मुलाचा, मानसिंगचा.

ते बूट बसऱ्याचे. पहिल्या लढाईत हंबीरराव मराठा पलटणीबरोबर आगबोटीतून बसऱ्याला उतरला, तेव्हा तिथल्या गोदामातून ते त्याला मिळाले. त्याच बुटांनी तो चिखल तुडवत बगदादपर्यंत गेला आणि त्याच बुटांनी परत आला. बरोबरच्या गड्यांचे पाय फोडांनी सडले, कुणाची बोटं गेली, हंबीररावाच्या पायाला मात्र ओरखडा नाही. लढाई संपल्यावर तो गावी आला तो एक पत्र्याची ट्रंक, एक पदक आणि हे बूट घेऊन. ट्रंकेत पुढं त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, लुगडी ठेवली. पदक सणासुदीला बाहेर निघे. बूट मात्र देवळीशेजारच्या कोनाड्यात बसले आणि दर रविवारी त्यांना करडईचं तेल मिळू लागलं. घरात कालवणाला तेल घालताना बनुबाईचा हात आखडायचा, पण बुटांच्या वाट्याला कधी कमी पडलं नाही. ती म्हणायची, पुढच्या जन्मी ह्या घरात बूट होऊन यावं.

हवालदाराच्या बूटवेडाला एक कारण होतं आणि ते त्यानं कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. त्याचा बाप पलटणीत जाऊन आलेला असला तरी हंबीरराव भरती झाला तेव्हा जन्मात पायात चामडं न घातलेला कुणब्याचा पोर होता. पहिल्या महिन्यात सरकारी बुटांनी त्याच्या टाचा सोलून निघाल्या. एका सकाळी परेडला त्याच्या मोज्यातून रक्त बाहेर आलं, तो लंगडला आणि सुभेदारानं साऱ्या कंपनीसमोर त्याला बैलाची उपमा दिली. सगळे हसले. ते हसू हंबीररावाच्या कानातून पुढची पंचवीस वर्षं गेलं नाही. त्यानं तेव्हाच ठरवलं होतं की आपल्याला मुलगा झाला तर तो पलटणीत जाईल तो बुटाला सरावूनच जाईल. त्याला कुणी हसणार नाही.

म्हणून मानसिंगला तेरावं लागलं त्या दिवशी बापानं बूट कोनाड्यातून काढले. तेव्हा ते त्याला ढगळ होते, पुढं चिंध्या कोंबाव्या लागल्या. वर्षभरात चिंध्या निघाल्या. पंधराव्या वर्षी बूट बेताचे झाले आणि पुढं मानसिंग वाढतच गेला. उंचीला तो आजोळच्या वळणावर, बापापेक्षा वीतभर उंच, आणि पाय त्या उंचीला शोभेल असा रुंद, ऐसपैस. हवालदाराचा पाय लहान आणि निमुळता होता, पलटणीत त्याला नवरीचा पाय म्हणून चिडवत. पण आपला पाय लहान आहे आणि मुलाचा मोठा आहे, ही गोष्ट हवालदाराच्या ध्यानातच आली नाही. बाप मुलाच्या पायाकडं कशाला बघेल? त्याचं एकच सूत्र होतं, पाय बुटाला सरावतो.

रोज सकाळी दोघं निघत. बोळातून नदीच्या वाळूत, तिथून माळाला वळसा घालून परत. मानसिंग बुटात, बाप साध्या वहाणांत, काखेत छडी. आणि त्या वाटेवर हवालदार बोलायचा. एरवी दिवसभर त्याच्या तोंडून हुकमापलीकडं शब्द निघत नसे. पण त्या तासाभरात बसऱ्याच्या खजुराची बनं यायची, टोपल्यासारख्या गोल होड्या यायच्या, तुर्काच्या तोफा यायच्या, आणि आजारी पडलेल्या एका दोस्ताला पाठीवर घेऊन आणला ती गोष्ट तर आठवड्यातून दोनदा यायची. मानसिंग खाली बघत पाय आपटत चालायचा आणि एकेक शब्द ऐकायचा.

गावात एकाच माणसाला हे खटकलं. चावडीजवळच्या लिंबाखाली तात्याबा वहाणा शिवत बसे. गावातला प्रत्येक पाय त्याच्या ओळखीचा. माणूस तोंडानं ओळखण्याआधी तो पायानं ओळखायचा. एकदा बापलेक नदीवरून परतत असताना त्यानं हवालदाराला थांबवलं आणि म्हणाला, "हवालदार, बूट तुमच्या मापाचं हायती. पोराचा पाय कवाच फुडं गेला."

हवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तू वहाणा शिव, पलटणीचं मला शिकवू नको, असं सांगून तो पुढं गेला. तात्याबानं पुन्हा विषय काढला नाही.

मानसिंगच्या उजव्या पायाचा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडं कलत गेला. अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला, हाड बाहेर आलं. आधी सुपारीएवढं, मग लिंबाएवढं. थंडीत ते लाल होऊन ठणकायचं. डाव्या पायालाही तसंच होऊ लागलं होतं, पण कमी. संध्याकाळी गोठ्यात बनुबाई त्याला ऊन पाण्यात मीठ घालून पाय शेकायला द्यायची. बापाला तो आप्पा म्हणायचा. आप्पांना सांगू नको, अशी त्यानं आईला शपथ घातली होती. बनुबाईनं ती पाळली, आणि पुढं त्याचं फळही तिलाच मिळालं.

चाळीस सालची दिवाळी झाली आणि साताऱ्याला भरती निघाली. नवी लढाई पेटलेली, गावोगावची पोरं निघाली होती. हवालदारानं मुलाला नवा सदरा शिवला, स्वतः पदक लावलं आणि भिलवडीच्या स्टेशनावर दोघं गाडीत बसले. गाडीत भेटेल त्याला हवालदार सांगत होता की आमच्या घरातली ही तिसरी पिढी. हवालदाराचा बापही पलटणीतलाच. मानसिंग खिडकीतून बाहेर बघत हसत होता. असा प्रवास त्या बापलेकांनी आधी कधी केला नव्हता.

साताऱ्याच्या मैदानात दोर बांधला होता. दोराच्या अलीकडं पोरं उघडी उभी, पलीकडं पदकं लावलेले बाप आणि चुलते. छाती मोजली, दात बघितले, डोळे बघितले, सगळ्यांत मानसिंग पहिला. मग मिलिटरीचा डॉक्टर, आपल्याकडचाच एक कॅप्टन, खाली वाकला. त्यानं उजव्या पायाचं हाड अंगठ्यानं दाबलं. मानसिंगनं दात आवळले. कॅप्टननं विचारलं, हे कधीपासून आहे? मानसिंगनं दोराकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "जल्मापासनं हाय, सायेब."

कॅप्टननं मान हलवली. मुलगा चांगला होता म्हणून त्यालाही वाईट वाटलं असावं. ह्याचं ऑपरेशन होतं, पाय सरळ करून ये मग बघू, असं सांगून त्यानं पुढच्याला बोलावलं. हवालदारानं हे सगळं दोरापलीकडून ऐकलं. परतीच्या गाडीत त्यानं पदक काढून खिशात टाकलं आणि भिलवडी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

घरी आल्यावर मात्र बोलला. आणि बोलला तो बनुबाईला. तिचं माहेर चिकोडीकडचं, तिचे भाऊ उंच आणि पसरट पायांचे. हवालदारानं सगळा दोष त्या पायांवर टाकला. जन्मापासूनचं आहे म्हणजे आजोळचंच असणार, आमच्या घरात कुणाचा पाय असा नाही. बनुबाई एवढंच म्हणाली की तेल लावून ही पावलं मी चोळलीत, तेव्हा सरळ होती. पण ती मुलाच्या शपथेत अडकलेली, पुढं बोलता येईना. महिनाभरात हवालदारानं गावातल्या आणि तासगावच्या सगळ्या पेन्शनरांना चिकोडीकडच्या पावलांची कहाणी ऐकवली. बनुबाई पाण्याला गेली की बाया तिच्या पायाकडं बघू लागल्या.

कॅप्टनचं एक वाक्य मात्र हवालदारानं गाठीशी बांधलं होतं. पाय सरळ करून ये. त्यानं चौकशी केली. सांगलीला गावभागात डॉक्टर रायगोंडा पाटील म्हणून मुंबईला शिकून आलेले सर्जन होते, हाडाच्या कामात त्यांचा हात चांगला, असं हळदीच्या बाजाराला जाणाऱ्यांनी सांगितलं. माघात हळदीची गाडी सांगलीला निघाली, तीत बनुबाईसकट तिघं बसले. डॉक्टरपुढं नीटनेटकं जावं म्हणून हवालदारानं मुलाच्या पायात बूट चढवायला लावले. सांगलीच्या वेशीपासून दवाखान्यापर्यंत मानसिंग त्या बुटांत चालला.

डॉक्टर रायगोंडा मितभाषी माणूस. त्यांनी मानसिंगला बूट काढायला सांगितले, पाय मांडीवर घेतला, अंगठा वाकवून बघितला. मग पाय खाली ठेवून त्यांनी बूट हातात घेतला. आत हात घालून चाचपला. बाहेरून तेल पिऊन चकाकणारा तो बूट आतल्या कडेला फुगला होता, आणि नेमक्या त्याच जागी आतलं चामडं झिजून पातळ झालं होतं.

"हे बूट कुणाचे?" त्यांनी विचारलं.

हवालदारानं छाती पुढं काढून सांगितलं, माझे, बसऱ्याचे.

"आणि हा किती वर्षं घालतोय?"

हवालदार तेराव्या वर्षापासून म्हणणार होता, मग पंधराव्यापासून म्हणणार होता, आणि बोलता बोलता थांबला. डॉक्टरांनी त्याला वहाण काढायला सांगितली आणि त्याचा पाय मुलाच्या पायाशेजारी ठेवला. एक लहान, निमुळता, सरळ. दुसरा रुंद, आणि पुढून आवळून वाकडा केलेला. डॉक्टरांनी रागावून काही सांगितलं नाही. मातीत चालणाऱ्याचा पाय पसरतो, तो चांगला पाय, बूट पायाच्या मापाचा करायचा असतो, तुम्ही पाय बुटाच्या मापाचा केलात, एवढंच ते म्हणाले. कोपऱ्यात उभ्या बनुबाईनं पदर तोंडाला लावला. मानसिंग जमिनीकडं बघत होता. हवालदाराला वाटलं, त्या दिवशी परेडला सारी कंपनी हसली होती ती बरी होती.

मग डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून घेतलं आणि दोन वाटा सांगितल्या.

"वाढलेलं हाड तेवढं तासून काढता येईल. पाय बराच सरळ दिसेल, साताऱ्याला कदाचित पासही होईल. पण अंगठ्याची वाकडी ओढ आत तशीच राहणार. सहा महिने पलटणीचे बूट घातले की दुखणं परत, आणि तेही परमुलखात."

"आन् दुसरं?"

"सांध्याजवळचा हाडाचा तुकडाच काढायचा. अंगठा थोडा आखूड होतो, पण दुखणं जातं. शेती करील, बाजाराला चालत जाईल. मात्र अंगठ्याचा रेटा कमी होतो. पाठीवर ओझं घेऊन कोसच्या कोस चालायचं काम त्याच्याकडून होणार नाही, आणि आखूड अंगठा लपतही नाही. पलटण विसरायची."

डावा पाय बुटातून सुटला की पुढं बिघडणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. विचार करून उद्या सकाळी या, म्हणाले.

दुपारी बनुबाई धर्मशाळेत भाकरी थापत होती आणि बापलेक कृष्णेच्या घाटावर येऊन बसले. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून हवालदारानं ते खांद्यावर टाकले होते. हळदीच्या वखारीतले हमाल पिवळे हातपाय धूत होते, पाणी क्षणभर पिवळं होऊन पुढं जात होतं. मानसिंगनं पाय पाण्यात सोडले. हवालदारानं त्या पायाकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला. हाडावरची कातडी सोलली होती. पाच वर्षं हा पाय आपल्या शेजारून चालत होता.

"सातारला खोटं का बोललास?"

"तुमी दोराच्या पल्याड हुता, आप्पा. मेडल लावून. समदी पेन्शनर हुती."

"आन् मला? मला का न्हाई सांगितलंस?"

मानसिंग पाण्यात पाय हलवत राहिला. मग त्यानं बापाकडं न बघता सांगितलं.

"बूट काढलं असतं तर सकाळी तुमी मला हाक मारली नसती. तेवढ्याच येळंला तुमी बोलायचा."

हंबीरराव हवालदारानं बगदादच्या वाटेवर माणसं मरताना बघितली होती, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं. त्यानं खाली वाकून नदीच्या पाण्यानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि उपरण्यानं पुसत राहिला. मग घसा साफ करून त्यानं डॉक्टरांच्या दोन्ही वाटा मुलाला जशाच्या तशा सांगितल्या आणि तुझं काय मत, असं विचारलं. मानसिंग नेहमीसारखं म्हणाला, आप्पा, तुम्ही म्हणाल तसं.

हवालदार भडकला. हुकूम मागू नकोस, पाय तुझा आहे, तू सांग, असं तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की हमालांनी वळून बघितलं. मानसिंग गोंधळला. त्याला त्याचं मत आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं खरंच विचार केला, आणि मला माहीत नाही आप्पा, असं कबूल केलं.

तेव्हा हवालदाराला कळलं की हे आपल्यालाच ठरवावं लागणार. तीन पिढ्यांची पलटण, आपण मुलाच्या अंगावर हजार वेळा मनात चढवलेली ती वर्दी, गावात ताठ मानेनं वाचून दाखवायची त्याची पत्रं, सगळं एका बाजूला. नुसतं हाड तासायचं आणि तोंड मिटून राहायचं, एवढ्यानं ते सगळं मिळत होतं. आणि मानसिंग गेलाही असता. हसत गेला असता, कुठल्या तरी वाळवंटात रक्ताळलेला पाय बुटात कोंबून चालला असता आणि बापाला पत्रात खुशाल आहे असंच कळवलं असतं. हवालदार घाटाच्या पायरीवर उन्हं कलेपर्यंत बसून राहिला. उठला तेव्हा त्याचं ठरलं होतं, पण ते त्याला अजिबात सोपं गेलं नव्हतं.

सकाळी त्यानं डॉक्टरांना सांगितलं, "दुसरं करा. दुखणं जाणारं."

मानसिंगच्या नाकावर जाळी ठेवून क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले. आकडे मोजायला सांगितले, तो अकरापर्यंत मोजत गेला. बाहेर ओसरीवर बनुबाई भिंतीला टेकून बसली होती आणि हवालदार येरझाऱ्या घालत होता. तासाभरानं डॉक्टर हात पुसत बाहेर आले, झालं म्हणाले. पंधरा दिवस ते तिघं सांगलीत राहिले. बाराव्या दिवशी टाके निघाले. अंगठा सरळ राहावा म्हणून लाकडी पट्टी बांधली होती, ती आणखी महिनाभर ठेवायची होती. रिकाम्या हळदीच्या गाडीत कडब्यावर पाय ठेवून मानसिंग घरी आला, आणि गाडीमागून बूट खांद्यावर टाकून हवालदार चालत आला.

त्यानंतर गावाची सकाळ सुनी झाली, चुली उशिरा पेटू लागल्या. बूट कोनाड्यात पडले, त्यांना रविवारचं तेलही मिळेना. हवालदार सवयीनं तांबडं फुटताना उठायचा, कडीला हात लावायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. आत मानसिंग जागा असतो हे त्याला कळायचं, कूस बदलल्याचा आवाज यायचा. पण हाक कशासाठी मारायची? पलटण संपली, बूट संपले, आता कुठल्या निमित्तानं मुलाला उठवायचं हे त्याला सुचेना. तसा तो भित्रा माणूस नव्हता, पण एवढी एक हाक काही त्याच्या तोंडून निघत नव्हती. चैत्र गेला, वैशाख गेला. पट्टी सुटली, मानसिंग काठी टेकत, मग काठीशिवाय चालू लागला. अनवाणी पायाला माळावरचे खडे सोसेनात म्हणून बनुबाईनं जुन्या धडप्याच्या चिंध्या बांधून दिल्या.

ज्येष्ठात पेन्शनीचा दिवस आला. तासगावच्या कचेरीसमोर चिंचेखाली सगळे जुने शिपाई जमले. कृष्णात नाईक म्हणून हवालदाराच्याच कंपनीतला एक थट्टेखोर गडी होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं की चिकोडीकडची पावलं सांगलीत सरळ झाली का, आता पोरगं साताऱ्याला कधी न्यायचं.

हवालदार उभा राहिला. परेडला उभा राहावा तसा.

"कृष्णात, पावलं चिकोडीची न्हवती. चिकोडीची पावलं सरळच हुती. माझ्या बुटानं मोडली ती. पोरगं पाच वरसं सोसत हुतं आन् म्या बघितलं न्हाई. आता त्यो पलटणीत जायाचा न्हाई. परत कुणी बनुबाईच्या म्हायेराचं नाव घेऊ नगा."

चिंचेखाली कुणी हसलं नाही. कृष्णातनं तंबाखूची चंची पुढं केली, हवालदारानं चिमूट घेतली आणि पेन्शन घेऊन तो पायी घरी निघाला. गाडीनं गेलेले लोक त्याच्या आधी गावात पोचले आणि त्याचे शब्दही त्यांच्याबरोबर पोचले.

घरी येऊन त्यानं टोपीसुद्धा काढली नाही. कोनाड्यातले बूट काढले, तात्याबाला बोलावून आणलं आणि ते त्याच्यापुढं ठेवले. म्हणाला, ह्याचे पट्टे काढ, तळ नवा घाल आणि मानसिंगला वहाणा शिव. तात्याबानं बूट हातात घेतले, फिरवून बघितले. त्या बुटांचं कौतुक गावाएवढंच त्यालाही होतं. "हवालदार, रापी चालवू?" त्यानं विचारलं. चालव, म्हणाला हवालदार, आणि बूट हलू नये म्हणून त्यानं स्वतः दोन्ही हातांनी धरला. बावीस वर्षं तेल प्यालेलं चामडं मऊ झालं होतं, रापीचं पातं सहज आत गेलं. हवालदारानं तेवढं तोंड दुसरीकडं केलं.

मग माप घ्यायचं आलं. नव्या तळाचं कातडं अंगणात अंथरलं आणि मानसिंगला त्यावर उभं केलं. उजव्या पायावर पूर्ण भार द्यायची त्याला अजून भीती वाटत होती, पाय थरथरत होता, कोळशाची रेघ हलत होती. तात्याबा म्हणाला, कुणीतरी घोटा धरा. हवालदार पुढं झाला, खाली बसला आणि त्यानं मुलाचा पाय दोन्ही हातांत धरला.

मानसिंगनं पाय मागं ओढला. बापानं मुलाचे पाय धरायचे म्हणजे काय? "आप्पा, ह्ये काय करताय," तो कसाबसा म्हणाला. पण हवालदारानं सोडला नाही. आखूड झालेला अंगठा, त्यामागची टाक्यांची जांभळी खूण, सगळं त्याच्या तळहाताखाली होतं. तो वर बघत नव्हता. तात्याबाही थांबला होता.

दारात बनुबाई उभी होती. चिंचेखालचे शब्द तिच्यापर्यंत दुपारीच आले होते. ती हात पुसत म्हणाली, "आवं, नीट धरा. माझ्या म्हायेरची पावलं हायती ती."

आधी तात्याबा हसला. मग मानसिंग हसला, आणि हसताना त्याचा भार दोन्ही पायांवर सारखा आला. हवालदार मान खाली घालून म्हणाला, व्हय, लय चांगली पावलं हायती. तात्याबानं कोळसा टेकवला आणि अंगठ्याला हात न लावता, जसा पाय होता तशी त्याच्याभोवती रेघ ओढली.

चार दिवसांनी वहाणा आल्या. त्या मानसिंगच्या पायात पुढं कितीतरी वर्षं होत्या. एकोणपन्नास साली तो हळदीची गाडी घेऊन सांगलीला जायचा तेव्हाही तात्याबानं पुन्हा तळ घातलेल्या त्याच वहाणा होत्या, असं सांगणारे लोक आहेत.

पण ज्या दिवशी वहाणा आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगायची राहिली. तांबडं फुटत होतं. हवालदार उठला, कडीपाशी गेला आणि थांबला. मग वळून त्यानं अंधाऱ्या सोप्यात हाक मारली, "मानसिंग, चल रं." आतून लगेच उत्तर आलं, कारण तो जागाच होता. दोघं बोळातून निघाले. फरशीवर कसलाच आवाज झाला नाही, त्यामुळं त्या दिवशीही गावात बऱ्याच चुली उशिराच पेटल्या. नदीच्या वाळूत पोचल्यावर हवालदारानं छडी काखेत धरली, घसा साफ केला आणि बसऱ्याला आगबोट कशी लागली ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.